बिनतारी पेटी

समजा, ग्रामपंचायतीच्या कचेरीत इंटरनेट आले आहे. गावोगाव अशी तार नेण्याची योजना सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात.

पण वाचनालय कचेरीच्या मागे आहे. मधे जाड दगडी भिंत. तिथे मुले शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसतात. फोनवर नुसते चक्र फिरत राहते. अर्जाची मुदत काही थांबत नाही. मुदत टळली, तर वर्षाचे पैसे गेले!

मग काय करावे? वाचनालयात आणखी एक पेटी बसवावी. तिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात.

टाकी आणि नळ

कचेरीतल्या पेटीला राउटर म्हणतात. ती झाली पाण्याची टाकी. वाचनालयातली पेटी म्हणजे नळ. नळ पाणी तयार करत नाही. टाकीतले पाणी तो लोकांना देतो.

टाकीपासून नळापर्यंत तार टाकावी. ही तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते. नळापासून फोनपर्यंत मात्र तार नाही. तिथे न दिसणाऱ्या लहरी काम करतात. १८९५ साली कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली होती.

पेटी उंचावर, खोलीच्या मधोमध लावावी. लोखंडी कपाटात ठेवू नये. चोरापासून वाचेल, पण लहरीही आतच अडतील. पेटीत बहुधा दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो, पण भिंतीपुढे लवकर हरतो.

नंबर देणारा एकच

राउटर प्रत्येक फोनला एक नंबर देतो. नवी पेटीही नंबर वाटू लागली, तर घोटाळा होतो. एका गावात दोन घरांना एकच नंबर पडला, तर टपाल कुठे जाईल? म्हणून नव्या पेटीत ‘ॲक्सेस पॉइंट’ हा प्रकार निवडावा. मग ती नंबर वाटत नाही. ते काम राउटरकडेच राहते.

बिघाड कसा शोधावा?

तात्या म्हणाले, “अगं ताई, रेघा तर समद्या भरल्यात. मग अर्ज का जाईना?”

ग्रंथपाल ताई म्हणाल्या, “तात्या, त्या रेघा फोन आणि पेटी यांच्यापुरतंच सांगतात. नळ जवळ आहे म्हंजे टाकीत पाणी आहे, असं नाही.”

ताईंचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून क्रमाने पाहावे.

१. पेटीचा दिवा लागला आहे का? नसेल तर आधी वीज पाहा.

२. कचेरीत राउटरजवळ जाऊन पाहा. तिथेही चालत नसेल, तर दोष राउटरात किंवा बाहेरच्या तारेत आहे. जोडणी देणाऱ्यांना कळवा. वाचनालयातली पेटी उगाच उघडू नका.

३. तिथे चालते, इथे नाही? मधली तार पाहा. दोन्ही टोके काढून ‘टक्’ होईपर्यंत बसवा. उंदराने तार कुरतडली नाही ना, तेही पाहा.

४. सगळ्यांचे चालते, एकाचेच नाही? दोष त्या फोनात आहे. परवलीचा शब्द पुन्हा घाला.

५. पेटीजवळ चालते, कोपऱ्यात नाही? पेटीची जागा बदला.

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. पेटी बंद करून पुन्हा लावायला हरकत नाही. पण मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. त्याने पेटीतली सारी मांडणी पुसली जाते.

दोन किल्ल्या

परवलीचे शब्द दोन असतात. एक वापरणाऱ्यांसाठी. तो वाचकांना सांगावा. दुसरा पेटीची मांडणी बदलण्यासाठी. कारखान्यातून आलेला हा शब्द लगेच बदलावा आणि दोघा जबाबदार माणसांजवळ ठेवावा. घराची किल्ली कोणी दारावर टांगत नाही!

पेटी गावाची आहे. तिची नस गावातल्या दोघाचौघांना तरी कळली पाहिजे. मग मुदतीच्या दिवशी कोणाचा अर्ज अडणार नाही.

सांगा पाहू :
१. रेघा भरलेल्या असूनही इंटरनेट का चालत नाही?
२. नंबर देणारा एकच का हवा?
३. तुमच्या गावात पेटी कोठे लावाल?