कोकणातली गावं म्हातारी का होतायत?

लोकसंख्येचा पाठ शिकवताना मुलांना रत्नागिरी जिल्ह्याचे आकडे जरूर द्या. २००१ मध्ये १६,९६,७७७ लोक, २०११ मध्ये १६,१५,०६९. राज्याची लोकसंख्या वाढली, इथली घटली. असं का?

आर्थिक कारण : जमीन डोंगरउताराची, तीही तुकड्यातुकड्यांची. भातावर वर्ष निघत नाही, म्हणून तरुण मुंबई गाठतात.

सामाजिक कारण : पूर्वी बायकामुलं गावीच राहत, मनिऑर्डर येई. आता कुटुंबच शहरात जातं, बाळंही तिथेच जन्मतात. शिवाय मुलं एक-दोनच आणि आयुर्मान वाढलेलं.

मागे उरतात आजी-आजोबा. चाकरमानी येतात गणपतीला, शिमग्याला. शाळेचा पट घटतो तो यामुळेच.

उपक्रम : मुलांनो, वाडीतली बंद घरं मोजा. तिथली माणसं कुठे गेली, ते आजीला विचारून लिहा.