नशेच्या पुडीने हात-पाय आपोआप हलतात का?

सिद्धेश्वर धरणाकाठच्या गावांतली पोरं कामासाठी पुण्या-मुंबईला जातात. सणाला आलेल्या एखाद्याची मान अचानक वाकडी होते, हात-पाय आपोआप हलायला लागतात, आणि घरातला पहिला शब्द असतो : बाहेरचं झालं. आम्ही परिचारिका मंडळी मात्र आधी विचारतो, रात्री काय घेतलं होतं?

कारण नशेने असं होतं. मेंदूत खोलवर हालचालींचा तोल सांभाळणारा भाग आहे. तिथले निरोप डोपामिन नावाचं रसायन पोचवतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, कोकेन, मेथ या तरतरी आणणाऱ्या नशा ते एकदम वाढवतात. मग जबडा आवळतो, दात करकरतात, हात थरथरतात, पाय एका जागी ठरत नाहीत. क्वचित मान एका बाजूला ओढली जाते. नशा उतरली की बहुतेकांचं हे तासांत किंवा दिवसांत थांबतं.

सगळ्यांचंच थांबत नाही. एमडीच्याच कुळातली मेथकॅथिनोन ही नशा लाटव्हिया देशात लोक घरी बनवून शिरेतून टोचून घेत. बनवताना पोटॅशियम परमँगनेट वापरत, आपण विहिरीत टाकतो तेच. त्यातलं मँगनीज मेंदूत साठलं. अशा २३ रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. चाल बिघडली, तोल जाऊ लागला, आणि नशा सोडूनही ते गेलं नाही. आपल्याकडच्या एमडीत मँगनीज असतंच असं आम्ही म्हणत नाही. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी दौंड तालुक्यात कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडलं. तिथून पुडीपर्यंत येताना त्यात काय कालवलं जातं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

दवाखान्यात नशा लपवू नका. भ्रम झालेल्या रुग्णाला शांत करायला हॅलोपेरिडॉल देतात, त्यानेही मान वाकडी होऊ शकते, आणि कोकेन घेतलेल्याला तो धोका जास्त. माहीत असेल तर डॉक्टर औषध बदलतात, उताऱ्याचं इंजेक्शन तयार ठेवतात. अंग तापून ताठ झालं, शुद्ध हरपली, तर लगेच १०८ ला फोन करा.

पाचवं शील घेणाऱ्या घरांतही हे घडतं, आम्ही पाहिलंय. लाजेपेक्षा पोलिसांची भीती मोठी असते. पण एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, नशा केली म्हणून गुन्हा लागलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालत नाही. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोनला पैसे पडत नाहीत.