दुसऱ्याचा श्वास सांभाळणारा माणूस

वाचक मंडळी, पुस्तक थोडा वेळ मांडीवर ठेवा. एक हात पोटावर ठेवा. घड्याळाकडे पाहा आणि एका मिनिटात पोट किती वेळा वर येते ते मोजा. घड्याळ नसेल तर शेजाऱ्याला साठ आकडे सावकाश म्हणायला सांगा.

किती झाले? धडधाकट मोठ्या माणसाचे साधारण बारा ते वीस भरतात. एका श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे दुधाची लहान पिशवी मावेल एवढी. रात्री आपण झोपतो, पण हे काम थांबत नाही. कोणी सांगावे लागत नाही, म्हणून आपल्याला त्याची किंमतही कळत नाही.

ती किंमत आपल्या यवतमाळ जिल्ह्याला 2017 च्या पावसाळ्यात कळली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती. पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्याच्या तोंडावरच औषध उडे. जिल्ह्यात वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर त्या विषाने गेले. शेकडो जणांना इस्पितळात न्यावे लागले.

फवारणीच्या विषाने श्वास का अडतो? आपल्या नसा स्नायूंना हुकूम देतात. काही औषधे अशी असतात की हुकूम पोचतो, पण तो थांबतच नाही. तोंडाला फेस येतो. छातीत पाणी आणि कफ साचतो. स्नायू आधी थरथरतात, मग थकून लुळे पडतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा आहे. तोच भात्यासारखा हवा ओढतो. तो पडदा थकला की माणूस शुद्धीवर असला तरी त्याला श्वास घेता येत नाही.

अशा वेळी डॉक्टर विषावर उतारा देतात. पण उताऱ्याला काम करायला वेळ लागतो. कधी एक दिवस, कधी आठ दिवस. तोवर श्वास कोणी घ्यायचा? मग घशातून नळी घालून व्हेंटिलेटर नावाचे यंत्र लावतात. यंत्र रोग बरा करीत नाही. ते फक्त मुदत मिळवून देते.

आम्ही त्या दिवसांत एका ओळखीच्या गड्याला पाहायला गेलो होतो. त्याचा बाप बाहेर बाकावर बसला होता. त्याने आम्हाला विचारले, "गुरुजी, त्या मशीनपाशी कोन बसते? रात्री बंद पडली तं?" आम्ही जुनी अकरावी शिकलेले. आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढे आम्ही विचारपूस केली, तेव्हा कळले की हा एक वेगळाच धंदा आहे आणि त्याचे वेगळे शिक्षण आहे. इंग्रजीत त्याला रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणतात. आपण श्वसनोपचारक म्हणू या.

त्याचे काम काय? यंत्राने किती हवा, किती जोराने आणि किती प्राणवायू द्यायचा हे तो डॉक्टरांच्या सल्ल्याने लावतो. नळीत कफ अडकला तर ओढून काढतो. यंत्र घंटी वाजवते तेव्हा ती का वाजली हे ओळखतो. नळी निसटली, की रोग्याने दातात धरली, की छातीच भरली? मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यात प्राणवायू किती आहे ते पाहतो. आणि सगळ्यांत नाजूक काम शेवटी असते. रोग्याला यंत्राची सवय सोडवायची असते. घाईने काढले तर तो पुन्हा गुदमरतो. उशीर केला तर छातीत दुसरा आजार शिरतो. वासराला दुधावरून तोडताना आपण जसा अंदाज घेतो, तसा इथे घ्यावा लागतो.

आपल्याकडे पुष्कळ इस्पितळांत हे सारे डॉक्टर आणि नर्सबाईच करतात. त्यांच्या अंगावर आणखी दहा कामे असतात.

यंत्र नसताना काय करीत? 1952 साली युरोपात डेन्मार्क देशाच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. लहान मुलांचेही श्वास बंद पडू लागले. इब्सेन नावाच्या डॉक्टरने गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत सोडली. पण पिशवी दाबणार कोण? रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे? वैद्यकीचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रोग्यांच्या उशाशी बसले आणि पिशव्या दाबत राहिले. जी साथ बहुतेकांना नेत होती, तिच्यातून पुष्कळ जण वाचले. आमच्या मते या धंद्याचे मूळ त्या हातांत आहे. अमेरिकेत मात्र प्राणवायू देणाऱ्यांची संघटना त्याआधीच, 1947 मध्ये, शिकागोत निघाली होती. पुढे 1982 साली तिकडच्या कॅलिफोर्निया राज्याने या कामाला परवाना लागेल असा कायदा केला. आता तेथील बहुतेक राज्यांत परीक्षा आणि परवाना यांवाचून कोणी यंत्राला हात लावू शकत नाही.

आपल्या देशात असा कायदा 2021 साली झाला. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग असे त्याचे लांबलचक नाव आहे. त्याच्या यादीत श्वसन तंत्रज्ञ आहे. शिक्षण पुरे करून राज्याच्या परिषदेच्या वहीत नाव नोंदवायचे. नोंदणी हाच आपल्याकडचा परवाना समजा.

आता जरा गणित. यात पैसा बुडतो, म्हणून नीट वाचा.

आमच्या एका विद्यार्थिनीची ही गोष्ट आहे. बापाची पाच एकर कोरडवाहू. पोरगी विज्ञान घेऊन बारावी झाली. एका शहरात एका गाळ्यात वर्ग चाले. तेथे सांगितले की सहा महिन्यांत सर्टिफिकेट आणि लगेच इस्पितळात नोकरी. बापाने एक बैल विकून फी भरली. सहा महिन्यांनी कागद मिळाला. त्यावर फोटो होता, शिक्का होता, लाल फीतही होती. पोरगी तो कागद घेऊन इस्पितळात गेली. तेथल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "नोंदणी क्रमांक?" तो नव्हता आणि मिळणारही नव्हता. बाप आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमाले आंधी इचारलं असतं तं!"

त्या गाळ्यात रोज दोन तास शिकवीत. महिन्याचे पंचवीस दिवस, सहा महिने. गुणाकार करा. तीनशे तास झाले. कायदा खालच्या दर्जाच्या कामालासुद्धा निदान 2000 तास मागतो, दोन ते चार वर्षांत विभागलेले. वरच्या दर्जाला निदान 3600 तास लागतात. पाटीवर केलेल्या एका गुणाकाराने बैल वाचला असता. याची आम्हाला आजही चुटपूट लागते, कारण गुणाकार आम्हीच तिला शिकवला होता.

खरी वाट लांब आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय हवेत. मग साधारण तीन वर्षांचा पदवीचा अभ्यास आणि त्यानंतर एक वर्ष इस्पितळात उमेदवारी. कर्नाटकातील मणिपाल येथे याचा स्वतंत्र विभाग आहे. कोठेही जा, पण पैसे देण्याआधी दोन गोष्टी पाहा. पदवी कोणते विद्यापीठ देणार, आणि मुलाला शिकायला खरे इस्पितळ, खरा अतिदक्षता विभाग आहे काय? महाविद्यालयाचे नाव विद्यापीठाच्या यादीत नसेल तर चहा पिऊन परत या. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तहसिलीतून आधीच काढून ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज दाखल्यावाचून अडतो, आणि जूनमध्ये तहसिलीत काय गर्दी असते ते तुम्हाला माहीतच आहे.

त्या पोरीने एक वर्ष घरी कापूस वेचला आणि मग पुन्हा अर्ज केला, या वेळी पदवीला. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. परवा पोळ्याला गावी आली होती. तिची आजी चुलीपुढे जन्म काढलेली, चार पावले चालली की धाप लागते. पोरीने पोटावर हात ठेवून श्वास मोजले. अठ्ठावीस भरले. दुसऱ्या दिवशी ती आजीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पंप लिहून दिला. आपल्याकडे पंप म्हटले की पाठीवरचा आठवतो. हा मुठीत मावणारा, औषध छातीत ओढायचा.

आजी तो तोंडात धरून नाकाने श्वास घेई. पोरीने तीन दिवस सकाळ-संध्याकाळ समोर बसून शिकवले. आधी श्वास पूर्ण सोड, मग ओठ मिटून दाब आणि सावकाश ओढ, मग दहा आकडे रोखून धर. चौथ्या दिवशी आजीला जमले. आम्ही ओट्यावर बसलो होतो. आजी आम्हाला म्हणाली, "गुरुजी, एवढं ओढाले शिकवाले पोरीले चार वर्षं लागते का हो?"