मूत्रात जंतू, पण त्रास नाही : मधुमेही रुग्णांनी काय करावे?

मधुमेही रुग्णाच्या लघवीच्या अहवालात जंतू आढळूनही डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले नाही, तर नातेवाइकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु रुग्णास काही त्रास नसताना औषध न देणे हा निष्काळजीपणा नसून विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

जळजळ, वारंवार लघवी, ओटीपोटात वेदना वा ताप नसताना मूत्रात जंतूंची लक्षणीय वाढ, म्हणजे सामान्यतः दर मिलिलिटरमागे १ लाख वा अधिक जंतू, दिसणे ही स्थिती मधुमेही स्त्रियांत इतर स्त्रियांपेक्षा अधिक आढळते.

औषधाने लाभ होतो काय, हे कॅनडातील डॉक्टरांनी १०५ मधुमेही स्त्रियांवर पडताळले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पुढे त्रासदायक संसर्ग झालेल्या स्त्रियांचे प्रमाण प्रतिजैविक घेतलेल्या गटात ४२ टक्के, तर न घेतलेल्या गटात ४० टक्के होते. उपचारित गटाला मात्र जवळजवळ पाचपट दिवस प्रतिजैविके घ्यावी लागली. अनावश्यक औषधाने खर्च वाढतो, जुलाबासारखे त्रास संभवतात व जंतू औषधांना दाद देईनासे होतात. म्हणूनच अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, त्रास नसलेल्या मधुमेही रुग्णांत अशा जंतूंचा शोध घेऊ नये व त्यांवर उपचारही करू नयेत, असे सांगितले आहे.

यास दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. गर्भवती स्त्रीची तपासणी व आवश्यक तो उपचार झालाच पाहिजे. तसेच मूत्रमार्गाच्या आतील अस्तरास इजा होण्याची शक्यता असलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपूर्वीही जंतूंचा बंदोबस्त करावा लागतो.

त्रास सुरू झाल्यास मात्र विलंब नको. घोटी परिसरात भाताच्या आवणीच्या दिवसांत आलेला ताप पावसात भिजल्यामुळे असेल, असे समजून अंगावर काढण्याचा मोह होतो. मधुमेही रुग्णाने तसे करू नये. थंडी वाजून ताप, कुशीत वा पाठीत दुखणे, उलट्या ही मूत्रपिंडास संसर्ग झाल्याची लक्षणे असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे, लघवी रोखून न धरणे आणि डॉक्टरांनी मनाई केली नसल्यास पुरेसे पाणी पिणे हे नित्याचे पथ्य होय. अहवालातील आकड्यावर नव्हे, तर रुग्णावर उपचार करावयाचे असतात, हे कुटुंबीयांनी ध्यानी ठेवावे.