‘अन्य वारस नाही’

सरकारी अधिकाऱ्यास खोटी माहिती देणे हा अपराध आहे, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु जो मजकूर दुसऱ्याने रचला, तिसऱ्याने टंकित केला आणि ज्याखाली आपण केवळ सही ठोकली, तो कायद्याच्या दृष्टीने आपणच सरकारदरबारी केलेले कथन ठरतो, ही गोष्ट तहसील कचेरीतील अव्वल कारकुनीच्या माझ्या साऱ्या काळात फार थोड्यांच्या ध्यानी आलेली मी पाहिली. खोट्या खुनाच्या वर्दी महसूल खात्याच्या वाट्यास येत नाहीत. आमच्या मेजावर येणारे असत्य बहुधा घरगुती, सभ्य आणि मुद्रांकित कागदावरचे असे. त्यात सर्वांत रुळलेले म्हणजे बापाच्या पश्चात वारसनोंदीच्या अर्जातून लग्न झालेल्या बहिणींना गाळणे.

१८६० च्या दंडविधानात या अपराधाची उदाहरणे दिली आहेत, ती मौजेची आहेत. आपल्या हद्दीत खून झाल्याचे जाणून असूनही सर्पदंशाने मृत्यू झाला असे मॅजिस्ट्रेटला कळविणारा जमीनदार त्यांत आहे, आणि अमक्याने चोरटे मीठ दडविले आहे अशी लटकी खबर देणारा इसमही आहे. बहीण गाळणारा भाऊ मात्र नाही, कारण त्या काळी मुलीचा वारसाहक्कच बेताचा होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने तिला पहिल्या वर्गातील वारस केले आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत जन्मतः सहदायाद केले. कायदा इतका पुढे गेला तरी वारसनोंदीच्या अर्जांचे तयार मसुदे जुन्याच वळणाचे राहिले.

अशाच एका मसुद्याचे प्रकरण माझ्या हाताखालून गेले. दोघा भावांनी बाप वारल्यावर तलाठ्याकडे अर्ज दिला, सोबत प्रतिज्ञापत्र जोडले, आणि त्यात ‘आम्हां दोघांखेरीज मयतास अन्य वारस नाही’ असे वाक्य होते, वस्तुतः तीन बहिणी हयात असून त्यांतली एक शेजारच्याच तालुक्यात नांदत होती. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हितसंबंधितांना बजावली जाते, हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. पण ज्यांचे नावच अर्जात नाही त्यांना नोटीस जाणार कोठून? मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली आणि सातबाऱ्यावर दोघांची नावे चढली. पुढे रस्त्याच्या रुंदीकरणात त्या जमिनीचा तुकडा संपादनात गेला, मोबदल्याची वार्ता सासरी पोचली, आणि धाकट्या बहिणीने मूळ कागदांची नक्कल मागितली.

थोरला भाऊ कचेरीत आला तेव्हा त्याच्या बोलण्यात लबाडीपेक्षा नवलच अधिक होते. “भाऊसाहेब, बहिणी का परक्या आहेत? मागितल्या असत्या तर सह्या दिल्याच असत्या त्यांनी.” मी म्हणालो, “मग अण्णा, त्याच सह्या घेऊन हक्कसोडपत्र नोंदवलं असतं, तर कोण विचारणार होतं तुम्हांला?” ह्यावर तो बोलला नाही. जो मार्ग कायद्याने उघडा ठेवला होता तो सोडून त्याने बंद दाराची कडी मोडली होती, आणि तीही व्यर्थ. कारण फेरफाराने मालकी निर्माण होत नाही की नष्ट होत नाही, आणि बहिणींचा हिस्सा त्या नोंदीनंतरही जिथल्या तिथेच होता. बहिणीच्या जबाबातील एक वाक्य मी विसरलो नाही: “जमिनीचं राहू द्या, पण आमच्या बापाला मुलगीच नव्हती असं ह्यांनी लिहून दिलं.”

पंचांची कथा याहून करुण. ज्या शेजाऱ्याने तिन्ही मुलींच्या लग्नांत पंगती वाढल्या होत्या, त्याचीच साक्षीदाराची सही कागदावर होती. मोजणीचा कागद असेल असे आपल्याला वाटले, असे तो म्हणाला. धाकट्या भावानेही आपण मजकूर वाचला नव्हता असे सांगितले, पण आपल्याला बहिणी आहेत हेच ठाऊक नव्हते असा बचाव कोणत्या वकिलाने मांडावा? प्रांतांनी अपिलात नोंद रद्द केली, मोबदला वादात अडकला, आणि फिर्याद झाली ती सही करणाऱ्यांवर. मसुदा करणाऱ्याचे नाव त्या दस्तऐवजात कोठेच नव्हते.

आता शिक्षेविषयी. भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ अन्वये, लोकसेवकाने आपला अधिकार वापरून दुसऱ्याचे नुकसान करावे किंवा भलतेच कृत्य करावे म्हणून त्यास खोटी माहिती देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या कलम १८२ मध्ये हीच मर्यादा सहा महिने व एक हजार रुपये होती. पुरावा म्हणून ग्राह्य असलेल्या प्रतिज्ञापत्रातील महत्त्वाचे खोटे कथन तर खोट्या साक्षीच्या पंक्तीस बसते, आणि तिची शिक्षा न्यायिक कार्यवाहीत सात वर्षांपर्यंत व अन्यत्र तीन वर्षांपर्यंत आहे. मात्र हा सारा भार जाणूनबुजून केलेल्या असत्यावर आहे. प्रामाणिक चूक हा गुन्हा नव्हे, आणि म्हणूनच चूक उमगताच ती लेखी कळविण्यात दिरंगाई करू नये, कारण मौन लांबले की तीच चूक हेतुपुरस्सर दिसू लागते.

सही करण्यापूर्वी मजकूर वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर अर्जनवीसाखेरीज दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचवून घ्यावा. जे ठाऊक नाही तेथे ‘माहिती नाही’ असेच लिहावे, आणि भिडेखातर पंच होऊ नये. ज्या बहिणीवर अन्याय झाला तिने प्रांतांकडे अपील व दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा हे मार्ग धरावेतच, पण हेही जाणावे की कलम २१७ खालील अपराधाची दखल न्यायालय त्या लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी फिर्यादीवरच घेते. म्हणून पुराव्यासह पहिला अर्ज त्या अधिकाऱ्याकडेच गेला पाहिजे. संतापाच्या भरात भावावर मारहाणीची वा चोरीची खोटी फिर्याद मात्र देऊ नये. तोही कलम २४८ खाली अपराध असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे.

ज्यांच्या घरी अशी नोंद यापूर्वीच होऊन गेली आहे, त्यांनी कुणी नक्कल मागण्याची वाट पाहू नये. बहिणींना सोबत घेऊन वगळलेल्या वारसांची नावे दाखल करण्याविषयी तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा, आणि अर्जाची पोच हाती आल्याखेरीज कचेरीतून निघू नये.