विहिरीपर्यंतची वाट
(अभ्यासपाठ – मंडळीतील गटांसाठी. वाचन : योहान 4:1-42)



मागे एका पाड्यावर आमची शनिवारची प्रार्थना चालत असे. तिथे एक आजी यायच्या. दाराजवळ बसायच्या, गीते ऐकायच्या, शास्त्रपाठ ऐकायच्या आणि निघून जायच्या. दोन वर्षे हे चालले होते. एके दिवशी मी त्यांना सर्वांसमोर विचारले, "आजी, आता किती दिवस नुसतं ऐकणार? निर्णय कधी घेणार?" त्या म्हणाल्या, "दादा, मी अजून ऐकतेय." त्यानंतर त्या पुष्कळ दिवस आल्याच नाहीत. तेव्हा मला वाटले, त्यांचे मन कठीण आहे. पुढे योहानाचा चौथा अध्याय पुन्हा वाचताना कळले की घाई माझी होती, प्रभूची नव्हती.

या पाठात आपण त्या अध्यायासोबत आपल्याच मातीतील एका स्त्रीचे जीवन पाहू. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

1. तहान

रमाबाईंचा जन्म 1858 साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले. त्या काळी ही मोठी धाडसाची गोष्ट होती. आईने ते ज्ञान रमाबाईंना दिले. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पायी फिरत असे. देवळात पुराण सांगावे आणि लोक देतील त्यावर गुजराण करावी. पुढे दुष्काळ पडला. 1874 च्या सुमारास वडील, आई आणि बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास चालत राहिले आणि 1878 साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले.

पण मानाने तहान भागत नाही. केशवचंद्र सेन यांच्या सांगण्यावरून त्यांनी वेद वाचायला घेतले, धर्मशास्त्रे अभ्यासली. स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षाचा सरळ मार्ग तिथे दिसेना, हे त्यांच्या मनाला लागले. ब्राह्मो समाजाशीही त्यांचा संबंध आला. शोध मात्र संपला नाही.

याच काळात ही भावंडे एका ख्रिस्ती मेळाव्याला गेली. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थना करत होते. या दोघांना वाटले की ते खुर्च्यांनाच नमन करत आहेत! कुणीतरी त्यांना संस्कृत बायबल भेट दिले, पण त्यातली भाषा उमगली नाही. आपल्याला रोजचे वाटते ते नव्या माणसाला केवढे परके वाटू शकते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

2. प्रश्न विचारणारी स्त्री

1880 साली भाऊ वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. सिल्चरच्या घरात त्यांना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान सापडले. ते तिथे कसे आले हेही त्यांना ठाऊक नव्हते. 1882 साली पतीही पटकीने गेले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्याला आल्या आणि 1883 साली इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला. या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवत. अशा स्त्रियांना कुणी प्रेमाने वागवते, हे रमाबाई प्रथमच पाहत होत्या. त्यांनी विचारले, हे तुम्ही कशासाठी करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. म्हणजे आपण आज वाचतो आहोत तोच. उपदेशाच्या आधी सेवा दिसली, सेवेतून प्रश्न उठला आणि प्रश्नाला वचनाने उत्तर मिळाले. हा क्रम लक्षात ठेवा. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

शोमरोनी स्त्रीनेही प्रश्नच विचारले. यहूदी असून माझ्याकडे पाणी कसे मागता? हे जिवंत पाणी कुठून आणणार? भक्ती डोंगरावर करायची की यरुशलेमेत? प्रभूने एकाही प्रश्नाला उद्धटपणा म्हटले नाही. रमाबाईंचेही प्रश्न बाप्तिस्म्यानंतर थांबले नाहीत. सिद्धांतांवरून त्यांचा आपल्या गुरुभगिनीशी पत्रांतून मोठा वाद झाला. मी ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीची आहे, कुणा एका पंथाची नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुष्कळांना ते रुचले नाही. पण शोध घेणारा माणूस मंडळीत आला म्हणजे तो आपले डोके दाराबाहेर ठेवून येत नाही.

3. दोन दिवसांचा मुक्काम

1889 साली रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि ते पुढे पुण्याला हलवले. सुमारे 1891 मध्ये त्यांच्या हाती हॅस्लॅम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र आले. हा पाळक उपदेश करता करता स्वतःच परिवर्तन पावला होता. ते वाचून रमाबाईंच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळाला नाही. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेली होती! आता त्यांनी स्वतःला पूर्णपणे प्रभूच्या स्वाधीन केले आणि त्यांना शांती लाभली.

सूखार गावातही असेच घडले. लोकांनी आधी त्या स्त्रीच्या सांगण्यावरून विश्वास ठेवला. मग त्यांनी प्रभूला राहण्याची विनंती केली आणि तो दोन दिवस राहिला. तेव्हा ते म्हणू शकले की आता आम्ही स्वतः ऐकले आहे. ऐकीव विश्वासाचा स्वतःचा विश्वास व्हायला मुक्काम लागतो. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला आठ वर्षे.

4. घागर तिथेच राहिली

रमाबाईंच्या वाटेला काटेही आले. सदनात धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती, पण त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. 1893 साली यावरून पुण्यात वादळ उठले. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली नेल्या. रमाबाईंनी दार बंद केले नाही आणि कुणाला ओढून आतही आणले नाही.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. आईवडिलांवाचून रस्त्यावर चालणाऱ्या मुलीला अखेर कुटुंब मिळाले, आणि ते तिने इतर अनाथांसाठी उभारले. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी सामान्य बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. कधीकाळी हाती आलेले अवघड संस्कृत बायबल त्या विसरल्या नसाव्यात. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूजवळ गेल्या.

आपल्यासाठी बोध

आपण पाड्यांवर औषध देतो, मुलांना शिकवतो, पावसाळ्यात धान्य पोहोचवतो. ही सेवा आमिष होता कामा नये. धान्याच्या पिशवीला विश्वासाची अट जोडली, तर ती प्रीती राहत नाही, सौदा होतो. जो कधीच प्रार्थनेला येणार नाही, त्याच्या लेकरालाही तेच औषध मिळाले पाहिजे. मात्र कुणी विचारले की हे कशासाठी करता, तर आपल्याजवळ उत्तर असावे आणि बसायला सतरंजी असावी.

त्या आजी पुढे एका पावसाळ्यात परत आल्या. मी त्यांची क्षमा मागितली. त्या हसल्या आणि दाराजवळच्या आपल्या जागी बसल्या. आजही त्या ऐकत आहेत. आता मी त्यांना घाई करत नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या उपासनेतील कोणत्या गोष्टी नव्या माणसाला कोड्यात टाकत असतील?
2. आपल्या मंडळीत मोकळेपणाने शंका विचारता येते का? शेवटची शंका कुणी विचारली होती?
3. माझा विश्वास ऐकीव आहे की मी स्वतः ऐकले आहे?
4. आपल्या दाराजवळ बसणारी व्यक्ती कोण? या आठवड्यात तिच्यासाठी मी काय करू शकतो?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू विहिरीवर थकून बसलास, तरी तहानेल्या स्त्रीसाठी तुझ्याजवळ वेळ होता. आमची घाई काढून टाक. जे शोधत आहेत त्यांना आमच्यामध्ये घर मिळो, आणि आमच्या सेवेतून त्यांना तूच दिसावास. आमेन.