आईच्या रक्तातून बाळाची तपासणी : काय कळतं, काय कळत नाही



लेक-सून गरोदर असली की हल्ली मोठ्या दवाखान्यात कधी कधी 'एनआयपीटी' नावाची रक्ततपासणी सुचवतात. खर्च हजारांत असतो. गटातून कर्ज काढण्याआधी ही तपासणी काय आहे ते समजून घेऊ.

रक्तात काय शोधतात?
बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. पण एक मिलीलिटर रक्तात चार-पाचशे कोटी तांबड्या पेशी, त्यात बाळाची जेमतेम एखादी! पोतंभर तांदळात एक खडा शोधण्यापेक्षाही हे अवघड. शिवाय आधीच्या बाळंतपणातल्या पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात. १९९६ च्या एका अभ्यासात त्या २७ वर्षांनीही सापडल्या. मग सापडलेली पेशी या बाळाची की थोरल्याची, हे कसं ओळखायचं?

१९९७ साली डॉ. डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट दाखवली. पेशींबाहेर, रक्तातल्या पातळ द्रवात, बाळाच्या डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात. ते मुख्यतः वारेतून येतात आणि बाळंतपणानंतर लवकरच नाहीसे होतात. म्हणून ते याच गरोदरपणाचे असतात. एनआयपीटी हेच तुकडे तपासते. ती साधारण दहाव्या आठवड्यानंतर करतात.

काय कळतं?
मुख्यतः डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता. पण ही नुसती चाळणी आहे, पक्का निकाल नव्हे. रिपोर्ट 'जास्त धोका' असा आला तरी बाळ निरोगी असू शकतं. खात्रीसाठी साधारण पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासतात. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो आधी विचारून घ्या. नुसत्या चाळणीवर गर्भ काढण्याचा निर्णय कधीच घेऊ नका.

रिपोर्ट चांगला आला म्हणून सोनोग्राफी टाळू नका. हृदयाचे, मणक्याचे सगळे दोष या रक्तात दिसत नाहीत. थॅलेसेमियासाठी नवरा-बायकोची रक्ततपासणी वेगळी असते. नात्यात लग्न झालं असेल किंवा घराण्यात असा आजार असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मुलगा की मुलगी?
याच तुकड्यांवरून लिंगही कळू शकतं, आणि धोका तिथेच आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे फक्त ८३९ मुली होत्या. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा आला. त्यात सोनोग्राफीबरोबर गरोदर बाईच्या रक्ताची तपासणीही येते. लिंग विचारणं आणि सांगणं, शब्दाने असो वा खुणेने, दोन्ही गुन्हा आहे. सासरचे गळ घालत असतील तर सुनेला एकटी पाडू नका. गटाने तिच्या पाठीशी उभं राहायचं.

सहीआधी विचारा
१. ही तपासणी मला कशासाठी हवी?
२. खर्च किती? सरकारी रुग्णालयात काय सोय आहे?
३. 'जास्त धोका' आला तर पुढे काय?
४. संमतीपत्र मराठीत आहे का? त्याची प्रत मला मिळेल ना?

समजेल अशा भाषेत माहिती आणि संमतीपत्राची प्रत मिळणं हा कायद्याने तुमचा हक्क आहे. समजल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही. पुढच्या बैठकीत आशाताईंना बोलवा आणि हे चार प्रश्न मोठ्याने वाचा.